आई-बाबांना घेऊन चार दिवस बँकॉक: पट्टाया गाळलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: आई ६६, बाबा ७१, आईचे गुडघे दुखतात, घरात सगळे शाकाहारी, पहिलाच परदेश प्रवास. टूरवाल्याने 'दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक' गळ्यात मारायचा घाट घातलाय. त्याऐवजी आपलं आपण ठरवून नुसतं बँकॉक केलं तर जमेल का?

जमेल. आणि पट्टाया गाळलंत तर जास्त चांगलं जमेल. ते दीडशे किलोमीटरवर आहे. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, वर हॉटेल बदलायची पिशव्या-बॅगांची यातायात. समुद्र बघायचा तर अलिबाग आहेच.

मी दोन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन गेले होते. त्याआधी ऑफिसच्या कामाने दोनदा एकटी जाऊन आले होते, म्हणून उगाच वाटत होतं की मला बँकॉक पाठ आहे. पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं. साडेचार तासांचा प्रवास, त्यात तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे पहाटे उतरलो. हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोनला. आई-बाबा लॉबीतल्या सोफ्यावर पाच तास बसून पेंगत होते आणि मी रिसेप्शनवरच्या मुलीकडे दर अर्ध्या तासाने केविलवाणं बघत होते. तेव्हा एकतर दिवसाचं विमान घ्या, नाहीतर आदल्या रात्रीपासून खोली धरा. ते जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बँकॉकच्या नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं, पण तिथलं ट्रॅफिक आणि तिथला घाम नकाशात दिसत नाही. दिवसाला एकच मोठं ठिकाण धरा, तेही सकाळी. बारा ते चार खोलीत एसी लावून झोपा. संध्याकाळी नदीवर जा. यूट्यूबवाले 'एका दिवसात दहा ठिकाणं' दाखवतात, त्यांच्याबरोबर त्यांची आई नसते.

राहायला सफान ताक्सिन स्टेशनच्या आसपास बघा. तिथे वरून बीटीएसची, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या मेट्रोची, गाडी जाते आणि स्टेशनखालीच साथॉर्न धक्का आहे, जिथून चाओ फ्राया नदीतल्या बोटी सुटतात. भारतीय मंडळी बहुतेक सुखुमवितच्या नाना भागात उतरतात, कारण तिथे देशी हॉटेलं आहेत. पण रात्री तिथल्या काही गल्ल्यांमधून आई-बाबांना घेऊन चालताना तुम्ही तिघंही एकमेकांची नजर चुकवाल, एवढंच सांगते.

नदीतली नारिंगी झेंड्याची बोट म्हणजे तिथली एसटी. तिकीट वीस बाटच्या आत (बाट हे तिथलं चलन, साधारण अडीच-तीन रुपयांना एक). कंडक्टर बाई हातातली पत्र्याची नळी खुळखुळवत फिरते, त्यातच सुटे आणि त्यातच तिकिटं. बाबांना आपल्या कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक आठवली. धक्का आला की मागे उभा असलेला पोऱ्या शिट्ट्या मारून चालकाला सांगतो, किती पुढे, किती मागे. बोट जेमतेम टेकते आणि लगेच निघते, म्हणून उतरायच्या आधी दोन मिनिटं आईला दाराशी आणून ठेवा. भिक्खूंची जागा राखीव असते, तिथे बसू नका.

पहिली पूर्ण सकाळ राजवाड्याला, म्हणजे ग्रँड पॅलेसला द्या. साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात हजर राहा. दहानंतर फरशी तापते आणि चिनी टूरचे झेंडे येतात. तिकीट ५०० बाट, थोडं जास्त वाटेल, पण द्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईच्या साडीला कोणी हटकलं नाही. बाबा मात्र 'फॉरेनला चाललोय' म्हणून हौसेने थ्री-फोर्थ घालून आले होते, त्यांना दारातच थांबवलं. समोरच्या टपरीवर हत्तींच्या नक्षीची ढगळ विजार मिळाली, ती वरून चढवली आणि मग आत गेलो. सगळ्या फोटोंत ती विजार आहे.

आतलं मुख्य देऊळ म्हणजे वाट फ्रा केओ. थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ, आणि यावर बाबांनी चार दिवस 'वाट लागली'चे विनोद केले, तुम्हीही तयारी ठेवा. पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती खरं तर हिरव्या जेडची, उंची फक्त ६६ सेंटीमीटर, आणि बसवलीय इतक्या उंचावर की पहिल्यांदा 'एवढीच?' असं वाटतं. तिचा पोशाख वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की बदलतात आणि तो मान राजाचा. पंढरपुरात उन्हाळ्यात विठोबाला चंदनउटी लावतात, त्यामुळे आईला यात काही नवल वाटलं नाही. आत फोटो काढू देत नाहीत.

बहुतेक लोक मूर्ती बघून बाहेर पडतात आणि खरा खजिना तसाच सोडून येतात. देवळाच्या भोवती जी ओवरी आहे, तिच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रांत. त्यांच्या रामायणाचं नाव रामकियन. वर छप्पर, त्यामुळे सावली आहे, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हळूहळू बघता येतं. सोन्याच्या वर्खात चमकणारा राम हिरवा, लक्ष्मण पिवळा, मारुती पांढराशुभ्र. रावणाला ते थोत्सकान म्हणतात, म्हणजे आपला दशकंठ, आणि तोही हिरवा. हा रावण दाराशी राखणदार म्हणूनही उभा आहे, वीसेक फूट उंच, हातात गदा घेऊन. आईने त्याला नमस्कार करावा की नाही याचा बराच वेळ विचार केला.

खरी गंमत मारुतीची. आपला मारुती ब्रह्मचारी, आणि त्यांचा म्हणजे अगदी रंगेल गडी. सेतू बांधताना दगड गायब व्हायला लागतात, म्हणून तो समुद्राच्या तळाशी जातो, तर तिथे रावणाची मत्स्यकन्या मुलगी सुवण्णमच्छा. भांडण करायला गेला आणि प्रेमात पडला. त्यांना पोरगा झाला, वरून माकड आणि मागे माशाची शेपटी, नाव मच्छानू. मी हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवत होते. आई दोन मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला मकरध्वज! आपल्याकडे घामाचा थेंब गिळून झाला, यांनी सरळ सांगितलं इतकंच." तिच्यासाठी ५०० बाट तिथेच वसूल झाले.

राजवाड्याच्या बाहेर एक सावध सूचना. नीटनेटक्या कपड्यातला, गोड इंग्रजी बोलणारा एक माणूस भेटेल. "आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल. तोवर वीस बाटमध्ये रिक्षाने दुसरी देवळं दाखवतो." ती टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर सूटच्या दुकानात नेऊन सोडते. माझ्या पहिल्या खेपेला मी अशी गेलेय, दीड तास 'नीलम' बघत बसलेय. हसून पुढे चालू लागा आणि थेट तिकीट खिडकीपर्यंत जा.

वाट पो तिथून जवळच, पण त्याच दिवशी नको, आईचे पाय ऐकणार नाहीत. दुसऱ्या सकाळी जा. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ शुभचिन्हं काढलीत. मूर्तीच्या मागच्या बाजूला भिंतीलगत १०८ काशाची भांडी मांडलेली आहेत. वीस बाट दिले की वाटीभर चिल्लर मिळते आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. त्या लांबलचक दालनात सारखा किणकिण आवाज भरून राहिलेला असतो. आईने जप केल्यासारखी सगळी भांडी पुरी केली, शेवटी दोन नाणी कमी पडली तर मागच्या जपानी आजींनी दिली. तिथेच मालिशची शाळा आहे. पायांची मालिश करून घ्या, पण 'हळू' म्हणजे 'बाव बाव' हे आधी पाठ करा, नाहीतर बाबांसारखं विव्हळाल.

वाट अरुण समोरच्या काठावर आहे. ता तियेन धक्क्यावरून पाच बाटची होडी. अरुण म्हणजे तोच, सूर्याचा सारथी. वरच्या पायऱ्या जिन्यापेक्षा शिडीसारख्या आहेत, आईला चढवू नका. खालून कळसावरचे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बघितले तरी पुरे. मला विचाराल तर ते देऊळ अलीकडच्या काठावरून, सूर्य मावळताना बघण्यातच जास्त मजा.

आता जेवण. 'व्हेज' म्हटलं की मान डोलावतात आणि भाजीत माशाचं पाणी घालतात. त्यात फसवणूक नसते, ते 'नाम प्ला' त्यांच्यासाठी मिठासारखं आहे. शब्द लक्षात ठेवायचा तो 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर दिसलं की ते जे हॉटेल: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घराला याहून काय हवं! 'मांगसाविरात' हाही शब्द चालतो. फोडून बघा, मांस आणि विरती. याच्यात मात्र अंडं येऊ शकतं. पपईच्या कोशिंबिरीपासून सावध, सुकी कोळंबी असते. आंबा आणि चिकट भात जरूर खा. वर दाट नारळाचं दूध, किंचित मीठ, म्हणजे नारळीभात आणि आमरस एकाच ताटलीत आल्यासारखं. शिवाय पाहुरातला, म्हणजे तिथल्या छोट्या भारतात, मोठा गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो. घरून मेतकूट आणि दशम्या न्या. तिसऱ्या दिवशी बाबांना मेतकूट-भातच हवा होता, आणि भात तिथे कुठेही मिळतो.

पाहुरातपासून चायनाटाउन लागूनच आहे. संध्याकाळी यावारातच्या रस्त्यावर नुसतं हिंडा, सोमवार मात्र टाळा, खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. जवळच्या वाट त्राइमितमध्ये साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध आहे. कित्येक वर्षं तो चुन्याच्या गिलाव्याखाली दडलेला होता. १९५५ मध्ये हलवताना मूर्ती आपटली, गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं.

चौथ्या दिवशी, अंगात त्राण असेल तरच, गाडी करून अयुथया. उत्तरेला ८० किलोमीटर. नाव ऐकूनच कळलं असेल कोणाच्या नगरीवरून ठेवलंय. १७६७ मध्ये बर्मी फौजांनी जाळलेली राजधानी, बिनडोक्याच्या बुद्धमूर्तींच्या रांगा, आणि वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं मस्तक. त्याच्याबरोबर फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. गुडघ्यांचं मात्र बघा. ऊन प्रचंड आहे, तेव्हा सकाळी सातला निघून बाराला परत फिरा. खरेदीची आवड असेल तर त्याऐवजी चातुचाक बाजार, पण तो शनिवार-रविवारचा. मला तिथे तासाभरात चक्कर आली, मी परत जाणार नाही.

एक छोटीशी गोष्ट. संध्याकाळी सहाला बीटीएसच्या स्टेशनवर असलात तर राष्ट्रगीत लागतं आणि धावणारी माणसं जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. राजाविषयी थट्टेत काही बोलू नका, तिथे तो गंभीर गुन्हा आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे.

कागदपत्रं: जुलै २०२४ मध्ये भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत मिळाली, पण हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. १ मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. आई-बाबांचं कार्ड तुम्हीच भरा आणि प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या, मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

कोणत्या महिन्यात जाताय ते लिहिलं नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर वरचं सगळं असंच चालेल. एप्रिलमध्ये म्हणाल तर आईच्या वयाला ते ऊन नको, शिवाय १३ ते १५ तारखांना सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष, रस्त्यावर सगळे पिचकाऱ्या घेऊन उभे. सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर कळवा, पावसाच्या हिशेबाने नदीऐवजी काय करता येईल ते वेगळं लिहिते.