ओव्हन न वापरता हॅलोविनसाठी कॅरॅमलची सफरचंदे घरी कशी करता येतील?

तुम्ही लिहिले आहे की अमेरिकेत तुमचे हे पहिलेच वर्ष आहे, 31 ऑक्टोबरला मुलीच्या वर्गातली आठ-नऊ मुले घरी येणार आहेत, भाड्याच्या घरातला ओव्हन बंद पडलेला आहे, घरात अंडे आणि जिलेटिन चालत नाही, आणि तरीही मुलीला कॅरॅमलची सफरचंदेच हवी आहेत. मी 18 वर्षे न्यू जर्सीत राहते आणि त्यांतल्या बहुतेक वर्षी ऑक्टोबरअखेरीस माझ्या स्वयंपाकघरात हा पदार्थ झालेला आहे, म्हणून खात्रीने सांगते की तुमचे काम ओव्हनवाचून अजिबात अडणार नाही, कारण या पदार्थाला भट्टीची गरज मुळातच नसते. जाड बुडाचे पातेले किंवा मायक्रोवेव्ह, आणि पूर्णपणे कोरडी सफरचंदे एवढे पुरते. मात्र माझी एक आग्रहाची सूचना आहे: लहान मुलांसाठी अख्खी सफरचंदे करू नका, फोडी करा, आणि त्या त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवा. असे का म्हणते, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

सफरचंद आणि हॅलोविन यांचे नाते कॅरॅमलपेक्षा पुष्कळ जुने आहे. आयर्लंडमध्ये या रात्रीला ‘स्नॅप-ॲपल नाइट’ असेही म्हणत, कारण दोरीला टांगलेले किंवा पाण्याच्या टबात तरंगणारे सफरचंद हात न लावता दातांनी पकडण्याचा खेळ त्या रात्री घरोघरी चाले. डॅनियल मॅक्लीस या चित्रकाराने 1833 मध्ये याच नावाचे चित्र रंगवले आहे. काडीला खोचलेले, लाल कडक साखरेने मढवलेले ‘कँडी ॲपल’ आमच्या न्यू जर्सीतल्याच नूअर्क शहरातील विल्यम कोल्ब या मिठाईवाल्याने 1908 मध्ये केले असे मानतात, तर मऊ कॅरॅमलच्या सफरचंदाचे श्रेय 1950 च्या दशकात क्राफ्ट कंपनीत काम करणाऱ्या डॅन वॉकर यांना दिले जाते. हॅलोविननंतर उरलेल्या कॅरॅमलच्या वड्या वितळवून पाहताना त्यांना ही युक्ती सुचली, असे सांगतात. तुम्हाला जो सोपा प्रकार मी सुचवणार आहे, तोही वड्या वितळवण्याचाच आहे.

आधी सफरचंदांविषयी. कॅरॅमल अतिशय गोड असते, त्यामुळे फळ आंबट आणि करकरीत हवे. हिरवे ग्रॅनी स्मिथ यासाठी सर्वांत चांगले. मुलांना फार आंबट आवडत नसेल तर मिनेसोटा विद्यापीठाने विकसित केलेले हनीक्रिस्प घ्या; ते गोड असूनही करकरीत राहते. मऊ, रवाळ गराची जात मात्र टाळा. दुकानातल्या सफरचंदांवर चमक येण्यासाठी बहुधा मेणाचा पातळ थर दिलेला असतो आणि त्या गुळगुळीत थरावर कॅरॅमल धरत नाही. माझ्या पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हते. सुंदर मढवलेली सहा सफरचंदे ताटात ठेवून मी दार उघडायला गेले आणि परत आले तेव्हा सारे कॅरॅमल घरंगळून सफरचंदांच्या तळाशी साचलेले होते. तेव्हापासून मी एका पातेल्यात पाणी उकळते, त्यात चमचाभर व्हिनेगर घालते, प्रत्येक सफरचंद झाऱ्यावर ठेवून पाच ते दहा सेकंद बुडवते आणि बाहेर काढताच खरखरीत फडक्याने चोळून पुसते. यानंतर देठाच्या खळग्यात दडलेले पाणी टिपून घ्यायला विसरू नका. मग सफरचंदे तासभर तशीच उघड्यावर ठेवा. फ्रिजमधून थेट काढलेल्या थंड फळावर हवेतले पाणी जमते आणि कॅरॅमल पुन्हा घसरते, म्हणून फळ खोलीच्या तापमानालाच असावे.

कॅरॅमल दोन प्रकारे करता येते. घाई असेल तर दुकानातल्या कॅरॅमलच्या वड्यांचे कागद काढून सुमारे 300 ग्रॅम वड्या मायक्रोवेव्हमध्ये चालणाऱ्या खोलगट काचेच्या भांड्यात घ्या, त्यात दोन मोठे चमचे पाणी किंवा दाट साय घाला आणि तीस-तीस सेकंद तापवत, दर वेळी ढवळत दोन-अडीच मिनिटांत एकजीव करा. एकदम दोन मिनिटे लावून ठेवले तर मधल्या वड्या करपतात आणि कडेच्या तशाच राहतात. पाण्याने कॅरॅमल जरा घट्ट राहते, सायीने मऊ होते. फोडींसाठी साय आणि अख्ख्या फळांसाठी पाणी, असा माझा नियम आहे. वड्यांच्या पाकिटावरचे घटक मात्र वाचून घ्या, कारण सर्व कंपन्यांच्या वड्या सारख्या नसतात.

वेळ असेल तर दुसरा प्रकार जरूर करून पाहा, कारण त्याची चव वेगळीच लागते आणि मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला त्यातली मेख लगेच कळते. जाड बुडाच्या पातेल्यात 113 ग्रॅम, म्हणजे इथल्या लोण्याची एक कांडी, एक वाटीभर ब्राउन शुगर, अर्धा कप फिकट कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला दाट गोड पाक) आणि कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम, एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा आणि लाकडी कालथ्याने तळापासून सतत ढवळत राहा. दूध असल्यामुळे हात थांबला की तळाला लागते. इंग्रजी पाककृतींत साखरेच्या पाकाच्या ज्या अवस्थेला 245 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 118 अंश सेल्सिअस, असे लिहिलेले असते, तो आपला गोळीबंद पाक होय. थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकावा, तो न विरघळता त्याची गोळी वळली पाहिजे आणि ती बोटांत धरल्यावर आकार टिकवून किंचित दबली पाहिजे. गोळी अगदीच लिबलिबीत असेल तर ते कॅरॅमल सफरचंदावरून ओघळेल, आणि पुढे जाऊन चिक्कीच्या पाकासारखी कडक झाली तर मुलांचे दात त्यात रुततील. लगेच खायच्या फोडींसाठी मी गोळी जरा मऊ असतानाच, सुमारे 113 अंश सेल्सिअसला, पातेले उतरवते.

कॉर्न सिरपची जागा नुसत्या साखरेला देऊ नका, असेही सांगते. साखरेचे कण थंड होताना पुन्हा एकमेकांना चिकटून रवाळ होऊ पाहतात, आणि सिरपमधील ग्लुकोज त्यांना एकत्र येऊ देत नाही. पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो तेही याच कारणासाठी. इथे मात्र लिंबू घालू नका, कारण दूध फाटेल. गॅस बंद केल्यावर चमचाभर व्हॅनिला अर्क आणि चिमूटभर मीठ घाला. मी त्यात थोडे जायफळही किसते, आणि ते आंबट सफरचंदाबरोबर फार छान लागते. हे मिश्रण उकळत्या पाण्याहून जास्त गरम असते आणि त्वचेला चिकटून बसते, त्यामुळे ढवळण्याचे काम मुलांकडे अजिबात देऊ नका आणि जवळ गार पाण्याचे भांडे ठेवा.

कॅरॅमल उतरवल्याबरोबर त्यात फळ बुडवण्याची घाई करू नये. बुडबुडे बसेपर्यंत आणि मिश्रण कालथ्यावरून पट्टीसारखे सावकाश पडू लागेपर्यंत थांबावे. अख्खे सफरचंद असेल तर देठाच्या बाजूने काडी दोन तृतीयांश आत जाईल अशी खोचावी, भांडे तिरके करून फळ फिरवावे, उचलून तळाचे जास्तीचे कॅरॅमल कडेला निपटावे आणि लोणी लावलेल्या पार्चमेंट कागदावर ठेवावे. काडी खाद्यपदार्थांसाठी विकल्या जाणाऱ्यांपैकीच असावी. अंगणातल्या झाडाच्या डहाळ्या खोचलेली सफरचंदे चित्रात भुताटकीची आणि आकर्षक दिसतात, पण कोणत्या झाडाची डहाळी आणि तिच्यावर काय फवारलेले आहे, हे आपल्याला माहीत नसते.

आता त्या आग्रहाच्या सूचनेचे कारण सांगते. 2014 च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत कारखान्यात बनवलेल्या कॅरॅमलच्या सफरचंदांमुळे लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला; 12 राज्यांतील 35 जणांना बाधा झाली, त्यांपैकी 34 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, आणि काहींचे प्राण गेले. जिवाणू मूळ सफरचंदांवर होते, तरी ते वाढले कसे, हे कोडे होते, कारण सफरचंद आंबट असते आणि कॅरॅमलमध्ये पाणी फार कमी असते, म्हणजे दोन्हींत या जिवाणूची वाढ सहसा होत नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये ते उलगडले. काडी खोचली की फळाचा रस त्या छिद्रातून वर झिरपतो आणि साल व कॅरॅमल यांच्यामध्ये अडकून राहतो, आणि त्या पातळ ओलसर थरात जिवाणूला हवे ते सारे मिळते. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या, काडी असलेल्या सफरचंदांवर तीन दिवसांत जिवाणूंची संख्या हजारपट झाली. फ्रिजमध्ये ठेवलेल्यांवर पहिला आठवडा वाढ झाली नाही, पण नंतर झाली. आणि काडीशिवाय फ्रिजमध्ये ठेवलेल्यांवर चार आठवडेही ती दिसली नाही. हे वाचल्यापासून मी आदल्या दिवशी करून ओट्यावर मांडून ठेवण्याची पद्धत कायमची सोडली. गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना लिस्टेरियाचा धोका अधिक असतो, आणि आपल्याकडे त्या सुमारास भारतातून आई-वडील राहायला आलेले असण्याचा संभव बराच असतो, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

फोडींना काडी खोचावी लागत नाही आणि त्या लगेच संपतात, हा त्यांचा पहिला फायदा. दुसरा फायदा सरळ आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाचे दात पडत-येत असतात, अख्ख्या सफरचंदाला त्याला तोंड घालता येत नाही आणि निम्मे फळ कचऱ्यात जाते. पाच मध्यम सफरचंदांच्या प्रत्येकी सहा फोडी केल्या की तीस फोडी होतात, आणि 300 ग्रॅम कॅरॅमल त्यांना पुरते. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून त्या पाच मिनिटे लिंबाच्या पाण्यात ठेवा आणि नंतर फडक्यावर पसरून अगदी कोरड्या टिपून घ्या. कापलेल्या ओल्या बाजूवर कॅरॅमल नीट धरत नाही, म्हणून सालीच्या बाजूने निम्मी फोड बुडवावी. तेही जिकिरीचे वाटले तर सफरचंदाच्या आडव्या चकत्या करा. मधोमध बियांच्या कप्प्यांची पाकळ्यांसारखी चांदणी दिसते, ती मुलांना फार आवडते. बिया काढून चकत्या ताटात मांडाव्या आणि सायीने सैल केलेले कोमट कॅरॅमल चमच्याने वरून सोडावे.

सजावटीचे काम मुलांवर सोपवा, कारण खरी गंमत त्यातच असते. वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचे पट्टे आडवेतिडवे ओढून वर दोन डोळे लावले की ‘ममी’ तयार होते. डार्क चॉकलेटच्या थरावर पांढऱ्या चॉकलेटची वर्तुळे काढून टूथपिकने मधून बाहेर रेघा ओढल्या की कोळ्याचे जाळे होते. चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी ते गुठळ्या होऊन बसते, म्हणून चमचे कोरडे ठेवा. इथे तुमच्या जिलेटिनच्या प्रश्नाचे उत्तर येते: साध्या कॅरॅमलमध्ये ते सहसा नसते, पण मार्शमॅलोमध्ये बहुधा असते, आणि हॅलोविनला सर्वत्र दिसणाऱ्या तिरंगी कँडी कॉर्नमध्येही अनेकदा असते. साखरेचे तयार डोळे चमकावण्यासाठी पुष्कळदा लाख वापरतात, जी किड्यापासून मिळते. ती चालत नसेल तर पांढऱ्या चॉकलेटच्या चिपवर काळ्या चॉकलेटचा ठिपका देऊन डोळे घरीच करावेत.

पाहुण्या मुलांच्या पालकांना ॲलर्जीबद्दल आधी विचारून घ्या. शेंगदाणे, बदाम किंवा दूध यांपैकी काहीही कोणाला चालत नसू शकते, आणि कॅरॅमलमध्ये दूध असतेच. शेंगदाण्याचा कूट किंवा बदामाचे काप लावायचे असल्यास ते वेगळ्या वाटीत आणि वेगळ्या चमच्यासह ठेवा. मी हल्ली त्याऐवजी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया ठेवते. चार वर्षांखालील भावंडे येणार असतील तर चिकट कॅरॅमल आणि अख्खे दाणे त्यांच्या हाती देऊ नका, त्यांना घशात अडकण्याची भीती असते. त्यांच्यासाठी सफरचंदाचे बारीक तुकडे दालचिनी घालून तुपावर मऊ परतून द्यावेत. कवळी असलेल्या आजी-आजोबांनाही हेच सोयीचे पडते.

शेवटी, तुम्ही विचारले होते की हीच सफरचंदे त्या संध्याकाळी खाऊ मागत दारावर येणाऱ्या मुलांना द्यावीत का. ती देऊ नका. अनोळखी घरातून आलेला उघडा, घरगुती खाऊ इथले पालक मुलांना सहसा खाऊ देत नाहीत, त्यामुळे तुमची मेहनत वाया जाईल. त्यांच्यासाठी कारखान्यातून बंद होऊन आलेल्या छोट्या गोळ्या-चॉकलेटांची परडी दारात ठेवावी. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी पेन्सिली, खोडरबर, स्टिकर अशा वस्तूंची वेगळी परडी असली तर पायरीवर मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवावा. 2014 पासून देशभर पसरलेल्या ‘टील पम्पकिन’ (मोरपंखी भोपळा) या उपक्रमामुळे त्या रंगाची खूण बरेच पालक ओळखतात, आणि ज्या मुलाला इतर प्रत्येक दारातून मिळालेला खाऊ आईच्या हाती द्यावा लागतो, ते तुमच्या पायरीवरचा भोपळा पाहून धावत येईल.