वाचकांचे प्रश्न : धुक्यात अडकलेली नाव

प्रश्न : निकोलस विंडिंग रेफन यांचा ‘वल्हाला रायझिंग’ (२००९) हा चित्रपट दोनदा अर्ध्यावर सोडला. सुरुवातीला हाणामारी होते, मग नाव धुक्यात अडकते आणि माणसं नुसती बसून राहतात. चुकतंय कुठे?

उत्तर : थोडं अपेक्षेत, थोडं टीव्हीच्या सेटिंगमध्ये. कथा एवढीच : कैदेतून सुटलेला एकाक्ष योद्धा आणि एक मुलगा जेरुसलेमला निघालेल्या ख्रिस्ती वायकिंगांसोबत नावेत चढतात; वारा पडतो, धुकं दाटतं आणि नाव थेट अमेरिकेच्या किनाऱ्याला लागते. योद्धा झालेल्या मॅड्स मिकेल्सन यांच्या तोंडी एकही शब्द नाही. त्यामुळे संवादांची वाट पाहू नका, चेहरे पाहा. लाल रंगात बुडालेली दृश्यं म्हणजे त्या योद्ध्याला आधीच दिसणारं भविष्य. ती लक्षात ठेवली तर पुढचे प्रसंग आपोआप जुळतात. ज्ञानासाठी एक डोळा देणारा वायकिंगांचा देव ओडिन इथे आठवायलाच हवा, चित्रपट त्याचं नाव घेत नसला तरी.

आता टीव्ही. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ही नको, त्याने धुक्याचा उजेड उगाच कमीजास्त होतो. धुक्यात करड्या रंगाचे पट्टे दिसले तर बहुधा स्ट्रीमिंगचा बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) कमी पडतोय : जवळजवळच्या छटा एकत्र दाबल्या जातात. सर्वांत वरचा दर्जा निवडा, किंवा ब्लू-रे लावा. आवाजाचा ‘नाइट मोड’ हळू आवाज वाढवतो आणि मोठा दाबतो. मग शांतता आणि गिटारची घरघर यांतलं अंतरच उरत नाही, आणि हा चित्रपट त्या अंतरावरच उभा आहे. खोलीत अंधार हवा. थांबायचंच असेल तर प्रकरणाची पाटी येईल तिथे थांबा. एकूण सहा प्रकरणं आहेत. नावेचा भाग मात्र सलगच पाहा. आपलाही धीर सुटू लागतो, ते दिग्दर्शकाला हवंच आहे.

प्रश्न : वायकिंग खरंच अमेरिकेत पोचले होते?

उत्तर : हो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या लान्स ओ मेडोजला त्यांची वस्ती सापडली आहे. ९९३ सालच्या वैश्विक किरणांच्या झोताची खूण तिथल्या लाकडाच्या वलयांत आढळली. झाडात वर्षाला एक वलय वाढतं; तिथून सालीपर्यंत २८ वलयं मोजली, म्हणजे झाड १०२१ मध्ये तोडलेलं. पहिल्या क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक मात्र १०९५ ची. दोन वेगळे काळ चित्रपटाने एकाच नावेत बसवले आहेत.