पेट्रोल वाढलं की हायब्रिड पण महागते का हो?

प्रश्न : नमस्कार सर. मी चिंचवडला राहतो, ऑफिस हिंजवडीला, जाऊन-येऊन रोज तीसेक किलोमीटर आणि त्यातला निम्मा वेळ ट्रॅफिकमध्येच जातो. एका एसयूव्हीचं साधं पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेलं), दोन्हींत ऑन-रोड अडीच लाखांचा फरक सांगतायत. शोरूमवाला म्हणतो पेट्रोल अजून वाढणार, मग हायब्रिडचे रेट पण वाढणार, तर आत्ताच बुक करून टाका. खरंच असं असतं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : शोरूमवाल्याचं काम गाडी विकायचं आहे, त्याला दोष नाही. पण इतिहास बघा ना. एप्रिल-मे २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल १२० रुपयांवर होतं. मग केंद्राने एक्साइज कमी केली, जुलैमध्ये राज्याने व्हॅट कमी केला आणि ते १०६ वर आलं. म्हणजे पेट्रोल उतरलं. आणि त्यानंतरच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या हायब्रिड मॉडेलचं बुकिंगच थांबवलं, कारण पार्ट्स पुरत नव्हते. म्हणजे पेट्रोल उतरूनही हायब्रिड मिळेना. पेट्रोलच्या दराने मागणी हलते हे मान्य, पण गाडीचा भाव बाकीच्या गोष्टी ठरवतात.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट टॅक्स. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर २८ टक्के अधिक १५ टक्के सेस (जीएसटीच्या वरचा जादा कर), एकूण ४३ लागला. तुम्ही बघताय तसल्या, ४ मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीवर काही महिन्यांतच ४५ झाला, मोठ्या एसयूव्हीवर तर ५०. मग २२ सप्टेंबर २०२५ ला सेस गेला आणि या सगळ्या सरसकट ४० वर आल्या. पेपरात आलं "गाड्या स्वस्त", ते खरंच होतं, पण नीट बघा, पेट्रोलवालीचा टॅक्स ५ टक्क्यांनी खाली आला, मोठ्या एसयूव्हीचा १० ने आणि हायब्रिडचा फक्त ३ ने. म्हणजे हायब्रिडला जी थोडीफार सवलत होती तीच गेली (इलेक्ट्रिकला मात्र एकूण जीएसटी ५ टक्केच). १८ टक्क्यांचा स्लॅब हायब्रिडला पण आहे, पण इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी ४ मीटरच्या आत पाहिजे, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या दोन्ही अटींत बसत नाहीत. वर आरटीओचा टॅक्स गाडीच्या किमतीवर टक्केवारीने, म्हणजे महाग गाडीला जास्त. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा (नुसत्या मोटरवरही थोडं चालणाऱ्या गाडीचा) रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला, तिथल्या गिऱ्हाईकाचं गणित एका फटक्यात बदललं, पेट्रोल तेवढंच असून.

दुसरं, हायब्रिड गाडीत इंजिन तर आहेच, वर मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी. यातले बरेच पार्ट बाहेरून येतात आणि डॉलर २०२२ च्या सुरुवातीला ७४-७५ रुपये होता तो डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या वर गेला. मोटरमधल्या चुंबकांना लागणाऱ्या रेअर अर्थवर (खास धातूंवर) चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीचे निर्बंध आणले, ते वेगळंच. आणि हो, हायब्रिड बहुतेक वेळा वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळते, त्यामुळे तुमच्या अडीच लाखांत सनरूफ किती आणि हायब्रिड किती हे आधी विचारा.

आता तुमचा हिशोब. शहरात पेट्रोल ऑटोमॅटिकचं ॲव्हरेज १४ धरू, हायब्रिडचं २१, पेट्रोल १०४. किलोमीटरमागे साडेसात आणि पाच, वाचतात साधारण अडीच रुपये. अडीच लाख वसूल व्हायला एक लाख किलोमीटर लागतील. महिन्याला हजार चालवलीत तर आठ वर्षं झाली की! बरं, पेट्रोल १२० झालं असं समजू. तरी साडेसत्त्याऐंशी हजार किलोमीटर लागतातच, म्हणजे १६ रुपये वाढून तुमचं फक्त एक वर्ष वाचलं. पण हीच गाडी हायवेवर पळवली, ॲव्हरेज १८ आणि २२, तर किलोमीटरला एकच रुपया वाचतो आणि वसुलीला दोन लाख चाळीस हजार किलोमीटर जातात. माझा मेव्हणा नाशिक-मुंबई करतो आणि हायब्रिड घेतली म्हणून सगळ्यांना सांगत सुटलाय, त्याला हे मी अजून दाखवलेलं नाही.

तुम्ही ट्रॅफिकवाले, म्हणजे हायब्रिडचे खरे गिऱ्हाईक. पण रनिंग कमी आहे. दहा वर्षं ठेवणार असाल तर घ्या, पाच वर्षांत बदलणार असाल तर पैशांसाठी म्हणून घेऊ नका, आवाज कमी म्हणून घ्यायची तर ती वेगळी गोष्ट. पेट्रोल वाढेल या भीतीने आज टोकन मात्र देऊ नका.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला आहे, तो सेकंडहँड प्रियस (टोयोटाची हायब्रिड) बघतोय. तिथे गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, वाढला की जुन्या हायब्रिडचे भाव वाढतात म्हणे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हो, तिथे ते लगेच दिसतं, कारण जुन्या गाडीची किंमत कंपनी नाही, बाजार ठरवतो. जुलै २००८ मध्ये अमेरिकेत गॅस गॅलनला ४ डॉलरच्या वर गेला तेव्हा नव्या प्रियसला वेटिंग लागलं आणि जुनी जवळपास नव्याच्या भावात विकली जात होती. डिसेंबरपर्यंत मंदी आली, गॅस २ डॉलरच्या खाली आला आणि हायब्रिडला कोणी विचारेना. २०११ ला जपानच्या भूकंपानंतर प्रियसचा पुरवठाच अडला, तेव्हा परत भाव चढले. मुलाला म्हणावं, गॅस चढलेला असताना घाई करू नको, चार-सहा महिने थांबता येत असेल तर थांब. आणि घेण्याआधी बॅटरी तपासून घे.