वाचकांचे प्रश्न: पावसाळ्यात कोकणात जाताना

प्रश्न: गणपतीला ठाण्याहून राजापूरला सहकुटुंब कारने जायचं आहे. दरवर्षी महाड किंवा चिपळूणला पाणी भरल्याच्या बातम्या ऐकतो. निघायची वेळ कशी ठरवावी?

आकाशाकडे बघताच, तसं पंचांगही बघा. महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेलं पाणी या नद्या काही तासांत खाली आणतात. त्याच वेळी खाडीला भरती असेल तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते गावात तुंबतं. ओहोटी लागली की उतार पडायला लागतो.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीयेला तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि जवळपास तशीच मध्यरात्रीनंतर. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, आणि खाडीच्या आत भरती आणखी उशिरा पोचते, तेवढं धरून चाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचायचं म्हणून बरेच जण रात्री दहाला निघतात आणि दोनच्या आसपास, म्हणजे नेमके भरतीला, अंधारात महाड गाठतात. पहाटे चारला निघालात तर आठ-साडेआठला ओहोटी आणि उजेड दोन्ही मिळतात. गर्दीत वेळ वाढतो, पण दिवसाउजेडी अडकणं परवडतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा हा हिशेब जास्त कडक पाळा.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. गढूळ पाण्याखाली रस्ता खचलाय की नाही, हे दिसत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

प्रश्न: कोल्हापूरहून कणकवलीला कोणता घाट धरावा?

फोंडा. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट गगनबावड्याहूनच उतरतात, त्यामुळे त्या पट्ट्यात ढग अडकले की दोन्हीकडे एकदमच त्रास होतो. वरंध घाट पुणेकरांना जवळचा वाटतो, पण पावसाळ्यात तो जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवला जातो. निघायच्या दिवशी चौकशी केल्याशिवाय तो धरू नका.

दरड पावसाच्या ऐन सरीतच कोसळते असं नाही. खाली काळा कातळ, वर माती-मुरूम. तीन-चार दिवस पाणी मुरलं की माती जड होते आणि कातळावरून घसरते, कधी पाऊस उघडल्यानंतरही. घाटात डोंगराच्या बाजूने गढूळ पाण्याची नवी धार लागलेली दिसली, बारीक खडे सुटून रस्त्यावर येत असले किंवा झाडं रस्त्याकडे कललेली दिसली, तर तिथे थांबू नका. धबधब्याखाली फोटो काढायला तर मुळीच नाही. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ११५.६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अति मुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. रेड अलर्ट असेल तर एक दिवस मुक्काम वाढवावा, हेच आमचं मत.

प्रश्न: रेल्वेने गेलो तर निर्धास्त?

बरीचशी. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. जोरदार सरींमध्ये समोरचं दिसेना झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायच्या सूचना चालकांना असतात. निघायच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा, आणि पुढची गाडी किंवा विमान असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा.

प्रश्न: ऑगस्टमध्ये मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला मिळेल का?

नाही. जून ते ऑगस्ट किल्ल्याची प्रवासी होडी बंद असते. गेट वे ते मांडवा लाँचही साधारण मे अखेरीपासून बंदच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला म्हणजे पाणी शांत झालं, असं धरून कुणी खासगी होडीवाल्याला गळ घालू नये. सप्टेंबर उजाडू द्या. खाडीतल्या फेरीबोटी मात्र वेगळ्या. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ इथे गाडीसकट पलीकडे जाता येतं. वारा फार असला तर तेवढ्यापुरती फेरी थांबते.

किनाऱ्यावर गेलात तर ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नका, ओढ तेव्हाच जास्त असते. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा सपाट, शांत दिसतोय, तर पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. नवखा माणूस नेमका तीच जागा निवडतो. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ न पोहता आडवं पोहावं. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघता येतं.