डब्ल्यूडब्ल्यूएफचा सगळ्यात भारी काळ कोणता, हल्क होगनचा की ॲटिट्यूड एरा?

दोन्ही नाही, ना होगनची ऐंशीच्या दशकातली वर्षं, ना नव्वदीच्या शेवटचा ऑस्टिन-रॉकचा ॲटिट्यूड एरा. (डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणजे आताची डब्ल्यूडब्ल्यूई, टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती.) १९९७. तेही पूर्ण साल नाही, २३ मार्च ते ९ नोव्हेंबर, बास.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, की ऑस्टिन आणि रॉक सोडले तर तेव्हाचे बाकीचे सगळे भरतीचे, ते वाक्य मी शाळेत असल्यापासून घरात ऐकतोय. आमच्या दादाचं (चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा) तेच मत. म्हणून झोपायचं सोडून लिहायला बसलोय, जरा लांबेल.

१९९८ ची मे महिन्याची सुट्टी, कोल्हापूर. दादानं व्हिडिओ लायब्ररीतून सर्व्हायव्हर सिरीज ९७ ची, म्हणजे ९ नोव्हेंबरच्या मॉन्ट्रिअलच्या शोची कॅसेट आणलेली. कॉपीची कॉपी असणार, कारण पडद्यावर खालून वर एक पांढरी रेघ सरकत राहायची आणि ब्रेट हार्टचा गुलाबी ड्रेस पार भगवा दिसायचा. मी ब्रेटवाला. दादा खरा ऑस्टिनवाला, पण ब्रेटच्या विरोधात त्याला कुणीही चालायचं, त्यामुळे त्या दिवशी तो शॉन मायकल्सवाला झाला. पैज लागली ट्रम्प कार्डांची, म्हणजे रेसलरांचे फोटो आणि वजन-उंचीचे आकडे असलेल्या पत्त्यांची. माझ्याकडं अख्खा कॅट होता आणि त्यात अंडरटेकर. ज्यांनी ते पत्ते खेळलेत त्यांना सांगायला नको, योकोझुना आला की डोळे झाकून वेट म्हणायचं, आणि अंडरटेकर आला की तो सात वेळा मरून जिवंत झालाय हे समोरच्याला ऐकवायचं, पत्त्यावर तसला काही रकाना नसला तरी.

तर मॅच चालू. शॉननं ब्रेटला ब्रेटच्याच डावात धरलं, शार्पशूटर, ब्रेट पालथा, आणि टण टण टण घंटा. शॉन बेल्ट घेऊन गायब. ब्रेट रिंगमधूनच खाली उभ्या असलेल्या कंपनीच्या मालकाच्या, विन्स मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकला. इंग्लिश कॉमेंट्री आम्हाला घंटा कळत नव्हती. दादा म्हणाला टॅप केला (हात आपटून हार मानली), काढ पत्ते. मी म्हटलं कुठं केला दाखव. रिवाइंड. पांढरी रेघ नेमकी हातावर. परत रिवाइंड. असं सहा-सात वेळा.

आजोबा झोपाळ्यावर पडलेले. तरुणपणी तालमीत होते, दोन्ही कान मोडलेले, खासबागेच्या मैदानात बसून कुस्त्या बघितलेला माणूस. आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफ लावलं की "नुरा हाय सगळी" (ठरवून केलेली कुस्ती) म्हणून कूस बदलायचे. त्या दिवशी रिवाइंडच्या खर्रखर्र आवाजानं वैतागून उठले, चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "पाठ लागली का?" नाही. "त्यानं हार मानली का?" दिसत तर नाही. "मग पंच फुटलाय. बंद करा ते आता." आणि चहा मागायला आत गेले.

पंच फुटलाय! विन्स मॅकमॅहन कुठल्या झाडाचा पाला हे माहीत नसलेल्या माणसानं मॉन्ट्रिअलचं अख्खं प्रकरण मिनिटात ओळखलं, मला ते कळायला इंटरनेट यावं लागलं. ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यूत, म्हणजे विरोधी कंपनीत चाललेला, स्वतःच्या देशात, कॅनडात शॉनकडून हरायला तयार नव्हता, आणि बेल्ट घेऊनच गेला तर काय या भीतीनं विन्सनं रेफरी अर्ल हेबनरला आधीच फितवून ठेवलेलं. ब्रेटला पत्ता नाही. सगळं ठरवून खेळायच्या खेळात ज्याच्याबरोबर ठरवलं त्यालाच फसवलं.

पण पत्ते गेले ते गेले. दादानं आजोबांचा निकाल मानलाच नाही. "घंटा वाजली म्हणजे हरला, विषय संपला."

आता याच माणसाला रेसलमेनिया १३ (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) विचारा. २३ मार्च १९९७, ब्रेट विरुद्ध ऑस्टिन, ऑस्टिन शार्पशूटरमध्ये अडकलेला, कपाळावरचं रक्त ओघळून दातांवर आलंय, तरी नाही म्हणतोय, शेवटी बेशुद्ध पडला आणि रेफरी केन शॅमरॉकनं मॅच थांबवली. घंटा तिथंही वाजली. पण दादाच्या मते ऑस्टिन हरलाच नाही, कारण त्यानं टॅप केला नाही! अरे मग?

असो, तुमचा प्रश्न. होगनचा काळ म्हणजे दहा वर्षं एकच मॅच. आधी मार खायचा, मग अंगात यायचं, बोट दाखवायचं, लाथ, लेगड्रॉप, घरी जा. १९८७ ला पाँटिॲकमध्ये अवाढव्य आंद्रे द जायंटला उचलून आपटला, ९३,१७३ लोक होते असं कंपनी सांगते, पण त्या रात्रीची खरी मॅच सॅव्हेज आणि स्टीमबोटची. आणि ९९ चं रॉ (कंपनीचा दर आठवड्याचा टीव्ही शो) आज लावून बघा. मॅच तीन मिनिटांची, बोलणं वीस मिनिटांचं, बियर आणि खुर्च्या.

९७ मध्ये बोलणंही होतं आणि कुस्तीही. ब्रेट अमेरिकेतल्या पब्लिकला शिव्या घालायचा म्हणून तिथं व्हिलन, आणि ६ जुलैला कॅनडातल्या कॅल्गरीत तोच ब्रेट ओवेन, बुलडॉग, नीडहार्ट, पिलमनला घेऊन आला तर अख्खं स्टेडियम डोक्यावर, आणि ऑस्टिनला हूट. स्टोरी तीच, माणसं तीच, नुसती बॉर्डर ओलांडली. ऑक्टोबरमध्ये पहिला हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच, शॉन विरुद्ध अंडरटेकर, शेवटी केन (शॅमरॉक नव्हे, स्टोरीतला अंडरटेकरचा भाऊ) येऊन पिंजऱ्याचं दारच उपटतो. असं परत झालं नाही. (रेसलमेनिया १३ ची मेन इव्हेंट, अंडरटेकर आणि सिड, ती मात्र पळवा. मी ब्रेटसारखाच अंडरटेकरवालाही असून सांगतोय.)

आता हेही सांगायला पाहिजे की त्या वर्षी कंपनी मार खात होती, डब्ल्यूसीडब्ल्यूचा टीव्ही शो नायट्रो टीआरपीत सलग ८३ आठवडे पुढं होता, ९८ च्या एप्रिलमध्ये कुठं रॉनं गाठलं. त्यामुळे धंदा बघून काळ ठरवायचा असेल तर दादा बरोबर, हे मी त्याला कधी सांगणार नाही. निव्वळ कुस्ती बघायची तर २००२ चं स्मॅकडाउन (कंपनीचा दुसरा शो) बघा, अँगल, एडी, रे मिस्टेरिओ, तोड नाही. आणि मी तेरा वर्षांचा होतो, ते पण धरा.

आजोबांच्या हिशोबानं ऑस्टिनही हरला नाही, ते मला मान्य आहे. मग दादानं ब्रेटचं मान्य करावं एवढंच म्हणणं आहे. मागच्या गणपतीत विषय काढला तर म्हणतो पत्ते केव्हाच रद्दीत गेले, आणि वहिनी मागून सांगते की अंडरटेकर याच्या कपाटात आहे.

तर तुम्ही मॉन्ट्रिअलची ती शेवटची दोन मिनिटं चांगल्या प्रिंटमध्ये बघा, ब्रेटच्या हाताकडं लक्ष ठेवा, आणि टॅप केला की नाही एवढंच खाली लिहा. मला दादाला फॉरवर्ड करायचंय.