खूप प्रार्थना करूनही आई गेली. आता देवावर भरवसा कसा ठेवू?

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून फार वाईट वाटलं. दोन वर्षं घरातल्या सगळ्यांनी उपास-प्रार्थना केल्या, तरी कॅन्सरनं आई गेली, आणि दफनविधीनंतर प्रार्थनासभेतले एक बंधू म्हणाले की तुमचा विश्वास कमी पडला. आता प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, अशानं ख्रिस्ती म्हणून ठामपणे जगायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या बंधूंच्या बोलण्याविषयी सांगते, कारण तो सल मनात असेपर्यंत बाकी कशाचा उपयोग नाही. ते बोलणं पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही त्याला असंच समजावत होते की तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाचा विश्वास तोकडा होता, असं कोण म्हणेल? गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं होतं.

माझ्या घरचंही सांगते. वडील आजारी होते तेव्हा महिला मंडळातल्या बायका घरी येऊन प्रार्थना करायच्या. वडील बरे झाले. पुढे काही वर्षांनी माझ्या धाकट्या भावासाठी त्याच बायका, तेच पाळकसाहेब, तितक्याच कळवळ्यानं गुडघे टेकून बसले. भाऊ गेला. दोन्ही वेळा मी तिथेच होते. पहिल्यांदा विश्वास भरपूर होता आणि दुसऱ्यांदा आटला, हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही.

ठाम विश्वास म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. लग्नानंतर दोनेक वर्षांतच पती गेले, पदरात तान्ही मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण म्हणून त्यांनी डोळे मिटून मान डोलावली नाही. मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींच्या (नन) आश्रयाला त्या राहत होत्या, त्यांच्याशी त्यांनी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) विषयांवर पत्रांतून कडाडून वाद घातला. मनाला पटल्याशिवाय केवळ चर्च सांगतं म्हणून काही मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. म्हणून तुमच्या मनात आज प्रश्न उठतात याची मला भीती वाटत नाही. रमाबाईंच्या मनात तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न असतील!

त्यांचा प्रार्थनेवरचा भरवसा दिसतो तो पुण्याजवळच्या केडगावात. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. एवढ्या जणींना कुठे ठेवायचं, काय खायला घालायचं, याची तजवीज आधी झालेली नव्हती. स्वतःच्या लहानपणी भूक काय असते ते त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे थांबणं त्यांना शक्यच नव्हतं. पैशांसाठी त्या देवापुढे हात जोडत, आणि प्रार्थनेतून उठल्या की विहीर, शेत, विणकाम, छापखाना यांच्या मागे लागत. निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन असं उभं राहिलं आणि ते आजही केडगावात चालू आहे. मागायचं देवाकडे आणि राबायचं आपण, यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. तुम्ही आईला केमोसाठी घेऊन जात होता आणि घरी आल्यावर प्रार्थना करत होता, तेही हेच होतं. औषधपाणी केलं म्हणजे देवावर विश्वास नाही, असं कुणी सुचवलं असेल तर तेही सोडून द्या.

आणि आता तुमच्या दुःखाच्या जवळची गोष्ट. मनोरमाबाई आईच्या कामात बरोबरीनं उभ्या होत्या, पुढे मुक्तीचा कारभार त्याच पाहणार होत्या. 1921 साली, वयाच्या चाळिशीत त्या गेल्या. रमाबाईंचं हे एकुलतं एक लेकरू. तिच्यासाठी त्या मुक्तीत किती प्रार्थना झाल्या असतील, याची कल्पना तुम्हाला येईल. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही, पुरं केलं, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मी याला भरवसा म्हणते. जे मागितलं ते मिळालं नाही, तरी ज्याच्याकडे मागितलं त्याला त्यांनी सोडलं नाही.

प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर बायबलमधली स्तोत्रं मोठ्यानं वाचा. तेराव्या स्तोत्रात दावीद सरळ विचारतो की परमेश्वरा, तू कुठवर मला विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ती प्रार्थना आहे आणि ती पवित्र शास्त्रात आहे. देवावर रागावला असाल तर तसं त्याला सांगा. आमच्याकडे काही जणांना ते पाप वाटतं, मला वाटत नाही. रागानं बोलतो तेही तो ऐकतोय असं धरूनच ना? बाकी दिवसांत नुसती येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हटली तरी पुष्कळ झालं. आणि तेवढंही जमलं नाही तर उपासनेला जाऊन नुसत्या बसा, तुमच्या वतीनं मंडळी म्हणेल. मंडळी असते ती यासाठीच.

लोकांसमोर ठामपणे जगायचं म्हणजे काय, तर कुणी विचारलं "तुझ्या देवानं काय केलं?" तर खोटी साक्ष देऊ नका. आई गेली, मला फार दुःख आहे, आणि मी अजून त्याच्याकडेच जाते, एवढं बोलायला पुष्कळ धैर्य लागतं. वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंची चौकशी करावीशी वाटली तर जरूर करा. तुम्ही विचारलेलं त्यांना इतर कुणाच्या विचारण्यापेक्षा वेगळं लागेल.

त्या प्रार्थनासभेला इतक्यात गेला नाहीत तरी चालेल. तुमच्या पाळकांना मात्र भेटा आणि त्या बंधूंचं वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा. दुसऱ्या कुठल्या शोकाच्या घरी ते पुन्हा बोललं जाऊ नये, हे पाहणं त्यांचं काम आहे.