आईला स्मृतिभ्रंश आहे, घरी सांभाळणं अवघड झालंय. तिला केअर सेंटरमध्ये ठेवावं का?

वय किंवा "लोक काय म्हणतील" यावरून ठरवू नका, रात्री कशा जातात ते बघा. आई रात्री उठून दार उघडते का, गॅस चालू राहतो का, गोळ्या दोनदा घेतल्या जातात का, अंघोळीला आणि संडासला माणूस लागतो का? यातलं बरंच होत असेल आणि सांभाळणारी व्यक्ती (बहुतेक घरांत सून किंवा मुलगी) स्वतःच आजारी पडायला आली असेल, तर हलवणं म्हणजे आईला टाकणं नव्हे. हे मी अगदी मनापासून सांगते.

अजून तितकी वेळ आली नसेल, तर आधी दिवसाची बाई किंवा डे केअर करून बघा.

जागा निवडताना फसगत होते ती इथे: ज्येष्ठांसाठीचे बरेच गृहप्रकल्प आणि वृद्धाश्रम हिंडत्याफिरत्या माणसांसाठी असतात. म्हणून स्पष्ट विचारा, आई अंथरुणाला खिळली तर ठेवाल का? रात्री किती जणांमागे एक मदतनीस? डायपरचे, नर्सचे पैसे वेगळे का? अनामत परत कशी मिळते? न कळवता, संध्याकाळी जेवणाच्या वेळी एकदा जाऊन या. शक्य असेल तर महिनाभर राहून बघण्याची सोय मागा.

आईचं घर लगेच विकू नका. आईला समजतंय तोवर तिलाही विचारा, आणि भावंडांमध्ये खर्चाची वाटणी आधीच लिहून ठेवा. माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.